तहसीलदार हरवल्याची खोटी हाक

तुमच्या घराला आग लागली अशी हाक दहा वेळा आली आणि दहाही वेळा आग नव्हती, तर अकराव्या हाकेला तुम्ही ताटावरून उठून बाहेर पळाल का? खरं सांगा. इथं तुम्हाला कोणी बघत नाही.

मी पळाले नसते. मी त्या हाक मारणाऱ्याविरुद्ध पत्रक काढलं असतं. पण ज्यांच्याबद्दल मी सांगते आहे ते सर अकराव्याच काय, एकशे अकराव्या हाकेलाही पळायचे. भाकरी मात्र ठेवायचे नाहीत. हातातला तुकडा घेऊन बाहेर यायचे, अंगणात उभ्या उभ्या तो संपवायचे, काही झालेलं नाही याची खात्री करायचे आणि आत येऊन पाणी प्यायचे. लाज वगैरे काही नाही. चेहऱ्यावर उलट समाधान.

सर आमच्या शेळीपालक संघाचे कॉम्प्युटरवाले. कळंबला बाजाराच्या मागच्या गल्लीत संघाचं दोन खोल्यांचं ऑफिस. आमच्याकडची उस्मानाबादी शेळी लांबलांब नावाजलेली, पण शेळी काही स्वतःच्या तोंडानं 'मी अस्सल' म्हणत नाही. म्हणून संघ तिची नोंद ठेवायचा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, रंग, एका वेताला करडं किती, आणि मुख्य म्हणजे वंशावळ. आई कोण, बाप कोण, पणज्याचा पत्ता लागत असेल तर तोही. अशा हजारो शेळ्या सरांच्या एका सर्व्हरमध्ये राहत होत्या. सर त्याला कोंडवाडा म्हणत.

सरांची खुर्ची दाराच्या चौकटीत असे. दाराजवळ नव्हे, चौकटीत. आत येणाऱ्याला त्यांच्या गुडघ्यांवरून पाय टाकून यावं लागे. संघाचे अध्यक्ष अंगानं भरलेले. ते आडवे होऊन, पोट आत ओढून, "रामराम, जरा सरका," म्हणत यायचे आणि सर न सरकता "रामराम" म्हणायचे. पायातल्या चपला ते जेवतानाही काढत नसत. सर्व्हरच्या डोक्यावर त्यांनी एक पितळी तांब्या ठेवला होता आणि तांब्याच्या तोंडावर स्टीलचा गलास, पालथा. गल्लीच्या तोंडाशी एस.टी. वळली की गलास खणकन खाली यायचा. सर उठून बाहेर. आम्ही बाकीचे जागच्या जागी. दोन मिनिटांनी सर आत येत, गलास पुन्हा तांब्यावर पालथा घालत आणि आनंदानं सांगत, "एस.टी.च व्हती."

दिवसाला सहा-सात वेळा एस.टी.च असायची.

सर सास्तूरचे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव पडलं तेव्हा ते शाळेत होते. एवढं मला दुसऱ्यांकडून कळलं होतं. ते आपणहून बोलत नसत आणि मी विचारलं नाही. माझा तेव्हाचा समज असा की, ज्यात घोषणा देता येत नाही अशा गोष्टीवर बोलण्यात अर्थ नाही.

माझं हे असं का, तेही सांगून टाकते. मी पत्रकांवर वाढले. आमचे अप्पा, म्हणजे वडील, पत्रकं लिहायचे, छापायचे, वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मला बाराखडी गिरवायला लावायचे. आमच्या घरात 'तुमचं कूळ कोणतं' असं विचारणाऱ्याला पाणी द्यायचे आणि वाटेला लावायचे. पत्रकाचा नियम अप्पांनी मला पाचव्या वर्षी शिकवला. प्रश्नचिन्ह एक, उद्गारचिन्हं तीन. पहाटे आम्ही भिंतींवर पत्रकं डकवायचो, आणि ती पिठाच्या खळीनं डकवलेली असल्यामुळं नऊ वाजेपर्यंत शेळ्या ती खाऊन टाकायच्या. पत्रकासकट मागणी, मागणीसकट अप्पांचं नाव. माझ्या लहानपणी क्रांतीचा पहिला शत्रू सावकार नव्हता, शेळी होती.

आणि नोकरी लागली ती नेमकी शेळ्यांच्याच दारात, संघाच्या कारकुनीची.

आता त्या भोंग्याचं. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, अमुक गोष्ट अमुक पानावर, तशी डेटाबेसलाही असते. तिला इंडेक्स म्हणतात. सूची बिघडली तर शेळी कोंडवाड्यात असूनही हाक मारल्यावर सापडत नाही. म्हणून सरांनी सूची तपासणारं एक सॉफ्टवेअर आणून बसवलं होतं. परदेशातल्या कोणा भल्या माणसांनी लिहिलेलं आणि सगळ्यांना फुकट वाटलेलं. ते एकेक शेळी हातात घेई, तिची नोंद सूचीत आहे का बघे, आणि नसली की लाल अक्षरांत ओरडे. आम्ही त्याला तपासनीस म्हणायचो. पण लाल अक्षरं सरांना पुरेनात. "अक्षर बघायला मानूस जाग्यावर पायजे," ते म्हणाले. "मानूस च्याला गेला तर?" म्हणून त्यांनी तपासनिसाची तार लसीकरणाच्या दवंडीचा जो भोंगा ऑफिसच्या पत्र्यावर होता त्याला जोडली. तपासनिसाला दोष सापडला की आधी आईला चुकलेल्या करडाचा आवाज यायचा आणि मग सरांचा स्वतःचा: "किडलं! किडलं!"

करडाचा आवाज ऐकून मागच्या अंगणात लसीसाठी बांधलेल्या सगळ्या शेळ्या ओ द्यायच्या. समोरचा चहावाला कपबशा विसळता विसळता विचारायचा, "सर, काय किडलं? तूर का हरभरा?"

पहिल्या वर्षभरात भोंगा एकदाच वाजला होता, आणि तेव्हा तो खरा होता. वीज जाऊन सूचीचं एक पान बिघडलं होतं. सरांनी ते दुरुस्त केलं आणि चहावाल्यासकट सगळ्यांना पेढा दिला. मग नवा कॉम्प्युटर आला. सरांनी कोंडवाडा जुन्यातून नव्यात हलवला. आणि तिसऱ्या दिवसापासून भोंगा रोज वाजायला लागला. सकाळी किडलं, दुपारी किडलं, चहाच्या वेळी दोनदा. लाल यादीत आधी दहा शेळ्या आणि बोकड, मग वीस, मग एकेचाळीस. सर प्रत्येक वेळी बाहेर जाऊन उभे राहत. मग आत येऊन यादीवर बोट फिरवत. त्यांना काही उमगत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणानं सांगत होते.

अध्यक्षांना मात्र लगेच उमगलं. "लाल म्हणजे लाल," ते म्हणाले. "जे किडलं ते बाद. पैदाशीच्या निवडीत लाल यादीतला एकही बोकड नको."

ही निवड वर्षातून एकदा. सभासदांच्या बोकडांतून मोजके पैदाशीसाठी निवडले जातात आणि संघ त्यांना सांभाळतो. न निवडलेल्या बोकडाचं पुढं काय होतं ते मी सांगायला नको. तुमच्यातल्या निम्म्यांनी ते रविवारी खाल्लेलं आहे.

दुसऱ्या दिवशी येडशीच्या रानालगतच्या एका वस्तीवरून एक मावशी आल्या. टमटममधून. सोबत बोकड. काळाभोर, लांब कानांचा, उभं राहणं असं की जणू आपण सगळे त्याच्याकडं अर्ज घेऊन आलोय.

"बाई," मावशी सरांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत म्हणाल्या, "माजा तहसीलदार खोटा निगाला म्हनं?"

मी दचकले. "कोण तहसीलदार?"

"ह्यो काय." त्यांनी दोरी हलवली. "ह्याचा बाप मंडळ अधिकारी. आजा तलाठी. पणजा कोतवाल. समदी वळ तुमच्याच कागदावर हाय की."

"अशी नावं का हो ठेवलीत, मावशी?"

"हापिसात गेलं की माज्याकडं कुनी मान वर करून बगत न्हाय. मंग म्हनलं, आपल्या दारात तहसीलदार बांधून ठिवावा. हाक मारली की येतो. पाला टाकला की गप बसतो." मग आवाज खाली आला. "खाटीक दोनदा येऊन बगून गेलाय, बाई. निवड झाली तर ह्यो जगंल. न्हाय झाली तर नुसत्या हौसंपायी एवढा बोकड पोसायला म्या काय कलेक्टर न्हाय."

मी यादी बघितली. तहसीलदार लाल होता.

आणि माझ्या डोक्यात अप्पांचा छापखाना सुरू झाला. एकेचाळीस नोंदी सूचीतून गायब. सगळ्या चांगल्या घराण्यातल्या, मी-मी म्हणणाऱ्या. निवड आठवड्यावर आलेली. नोंदी काय आपोआप जातात? कोणीतरी घालवल्या! कोणी? ज्याला आपल्या पाहुण्यारावळ्यांचे बोकड आत घुसवायचे आहेत त्यानं! पुरावा? पुराव्याला मी पत्रकात कधी जागा ठेवली नव्हती, त्यामुळं तो नाही हे लक्षात आलं नाही.

संध्याकाळपर्यंत पाचशे प्रती तयार होत्या. गुलाबी कागद. वर मथळा: 'शेळ्या गेल्या कुठे?' आणि खाली जाड अक्षरांत: 'गरिबाघरच्या अस्सल शेळ्या अध्यक्षांनी खाल्ल्या!!!' आठवडी बाजारात मी स्वतः वाटली. डकवली नाहीत. अनुभव होता. हातात दिली. लोकांनी हसत हसत घेतली, घडी घालून खिशात ठेवली, काहींनी त्यात मिरच्या बांधून नेल्या. मला वाटलं, बाजार पेटला.

सर कुठलाही कागद दोनदा वाचायचे. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. खालून वर वाचलं की लिहिणाऱ्याची भूल पडत नाही असं त्यांचं म्हणणं. माझं पत्रक त्यांनी तसंच वाचलं आणि चष्मा काढला.

"पोरी, मांजर बगितलंस का?"

"कसलं मांजर?"

तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं ते त्या दिवसांवर बोलले. फार नाही. भूकंपानंतर सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. घराघरात तांब्यावर पालथा गलास. जमीन हलली तर गलास पडेल, आवाज होईल, पळता येईल. "गलास लई येळा पडायचा. ट्रक गेला, पडला. वारं आलं, पडला. न्हाय तर मांजर. आमी परत्येक येळी पळायचो. समदे भायेर, थंडीत कुडकुडत, एकमेकाला हसत. शेजारचा एक मानूस वैतागला. गलास फेकून दिला त्यानं."

"मग? त्याचं काय झालं?"

"काय बी न्हाय झालं."

मला वाटलं गोष्ट चुकली.

"पन त्याला झोप यीना," सर म्हणाले. "आमाला गलासाच्या भरवशावर गाढ झोप लागायची. त्यो मातुर रातभर कान देऊन बसायचा. आन् आनखी एक. आमी गलास पडला की पळायचो खरं. पन बगितल्याबिगर मांजराला कदी बडवलं न्हाय. हाक खोटी असू शकती, पोरी. म्हनून पळायचं सोडायचं न्हाय. आन् पळालो म्हनून कुनाला बडवायचं न्हाय. दोन येगळी कामं हायेत."

मी म्हटलं, "सर, तुम्ही अध्यक्षांची बाजू घेताय."

"म्या मांजराची घ्यायलोय," सर म्हणाले आणि यादी पुढ्यात ओढली.

मग ते यादी घेऊनच बसले. तीन दिवस. या तीन दिवसांत मावशी रोज येत, बोकड बाहेरच्या बाभळीला बांधत, अंगावरची वाकळ, म्हणजे गोधडी, घडी करून तिच्यावर बसत आणि दर तासाला विचारत, "गावला का माजा तहसीलदार?" बोकड बाहेरून ओरडे. मावशी म्हणत, "बगा, त्यो सवता सांगतोय." सरांना हे पटायचं. ते मान हलवून म्हणत, "त्याचं म्हननं बराबर हाय. पन तपासनीस ऐकत न्हाय."

तिसऱ्या दिवशी सरांनी लाल यादी खालून वर वाचली, आणि मग जी लाल नव्हती ती यादीही. वाचता वाचता ते हसायला लागले. मला वाटलं, माणूस गेला.

"हितं ये. हे वाच. लाल नसलेल्यांची वंशावळ वाच."

मी वाचली. बाप अज्ञात. बाप अज्ञात. आई बाजारातून आणलेली, बाप अज्ञात. पानंच्या पानं.

"आता लाल वाच."

लाल यादीत एकापेक्षा एक लांबलचक. चार पिढ्या, पाच पिढ्या, एक तर सात. ज्याच्या बापाचा पत्ता नाही तो प्रत्येक बोकड निर्दोष, आणि जो पणज्याचं नाव सांगू शकतो तो किडका! खोटं कशाला बोलू, मला क्षणभर फार बरं वाटलं. माणसांच्या बाबतीत अप्पांना जे आयुष्यभर छापून जमलं नाही ते या यंत्रानं शेळ्यांत करून दाखवलं होतं. मग बाभळीखाली बसलेल्या मावशी दिसल्या आणि बरं वाटणं थांबलं.

सर उठले. चपला पायात होत्याच. बाहेर जाऊन त्यांनी मावशींना उभं केलं आणि त्यांची घडी घातलेली वाकळ उचलली. वीत लावून मोजली. "दीड वीत." मग ती अंगणात पसरली आणि हातानं मोजली. "चार हात. मावशी, ह्या वाकळा किती?"

"येडा झालास का रं? येकच की."

"तपासनीस म्हनतोय दोन."

"मंग तुजा तपासनीस हिवाळ्यात गारठून मरंल."

झालं होतं ते इतकंच. नव्या कॉम्प्युटरवर जागा वाचावी म्हणून सरांनीच त्याला सांगितलं होतं की लांब मजकूर असेल तर घडी घालून ठेव. आखूड मजकुराची घडी काय घालणार? म्हणून 'बाप अज्ञात' जसेच्या तसे राहिले. लांब वंशावळी मात्र मूळ नोंदीत पसरलेल्या आणि सूचीत घडी घातलेल्या, असं काहींचं झालं. कापड तेच. पण तपासनीस घडी उलगडून बघत नव्हता. वरच्या वर चाचपायचा, मोजमाप जुळलं नाही की भोंगा वाजवायचा. कोणी काही गायब केलं नव्हतं. अध्यक्षांनी तर मुळीच नाही. त्यांना कॉम्प्युटर चालूही करता येत नव्हता.

निवडीच्या आदल्या दिवशी अध्यक्ष आले. हातात माझं गुलाबी पत्रक. सरांच्या गुडघ्यांवरून येताना ते दारातच अडकले आणि तिथूनच बोलायला लागले.

"मी माळकरी माणूस! आयुष्यात अंड्याला हात लावला नाही. कांदा-लसूण चार महिने बंद. आणि ही पोरगी छापते, शेळ्या खाल्ल्या? काल माझी नात विचारती, आजोबा, शिंगं पण खाल्ली का?"

मी खाली बघितलं.

सरांनी त्यांना आत घेतलं, वाकळेची गोष्ट सांगितली. अध्यक्ष म्हणाले, "घडीबिडी मला कळत नाही. लाल म्हणजे लाल."

"मंग हाक मारून बगू," सर म्हणाले. "सूची किडली असली तर हाक मारल्यावर शेळी यायची न्हाय. चांगली असली तर येईल. वंशावळ तुमी वाचा, म्या टायपितो."

अध्यक्षांनी मूळ अर्जांचा गठ्ठा घेतला आणि वाचायला सुरुवात केली. "काळी. आई बांडी. आजी खैरी. पणजी चांदी." सरांनी टाईप केलं. शेळी पडद्यावर हजर. "पुढची." हजर. "पुढची." हजर. सकाळी चाचणीसाठी चालू केलेला भोंग्याचा माईक सर बंद करायला विसरले होते, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. अध्यक्षांचा आवाज मुळात भारदस्त. पाच-सहा शेळ्यांनंतर त्यांना गोडी लागली. ते लग्नपत्रिका वाचल्यासारखे सावकाश वाचू लागले. बाहेर बाजाराच्या रस्त्यावर माणसं थांबली. मागच्या अंगणातल्या शेळ्या मधूनमधून ओ देत होत्या. अर्ध्या तासानं मी खिडकीतून पाहिलं तर गल्ली भरलेली, चहावाल्याची दुसरी किटली चढलेली.

"तहसीलदार," अध्यक्षांनी वाचलं. "बाप मंडळ अधिकारी. आजा तलाठी. पणजा कोतवाल."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "एकाच घरात एवढ्या नोकऱ्या? चौकशी लावा!"

तेवढ्यात बाभळीखालून तहसीलदारानं अशी ओ दिली की अध्यक्ष दचकले. इकडं पडद्यावरही तो आला होता. बिल्ला नंबरासकट.

एकेचाळीसच्या एकेचाळीस सापडले. अध्यक्षांनी घाम पुसला. मावशी दारात येऊन उभ्या. "मंग? करा की सही."

अध्यक्षांनी पेन काढलं. काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"शेळ्या तर सापडल्या," ते म्हणाले. "माझी अब्रू कुठंय? ती कुणाच्या सूचीत बघायची? या बाईंनी छापून मागे घ्यावं, मग मी सही करतो. निवड उद्या सकाळी आहे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमच्या घरात आजवर कोणी पत्रक मागे घेतलेलं नाही. अप्पांनी चौकीत बसून रात्र काढली, पण मागे घेतलं नाही. आणि समोर कोण, तर अध्यक्ष! सहीसाठी अडवून धरणारा माणूस! मी म्हणणार होते की हा दबाव आहे. खरंच होता. पण दबाव आणणाऱ्याचं म्हणणं खरं असतं तेव्हा काय करायचं, हे मला कुठल्याच पत्रकानं शिकवलं नव्हतं.  मावशी दोरी मनगटाला गुंडाळत राहिल्या.

"लिहिते," मी म्हटलं.

अध्यक्ष खूष झाले. "लिहा: आमचे कर्तबगार, दूरदृष्टीचे..."

"नाही."

"का?"

"जे खोटं लिहिलं ते मागे घेते. नवं खोटं लिहिणार नाही."

अध्यक्ष सरांकडं बघायला लागले. सर गलासाकडं. "बरं, निदान आदरणीय तरी?"

"माननीय," मी म्हटलं. "ते पत्त्यावर पण लिहितातच."

सौदा पटला. मी तिथंच बसून लिहिलं: 'माननीय अध्यक्षांनी एकही शेळी खाल्लेली नाही. नोंदी गायब झालेल्या नव्हत्या. मी न बघता लिहिलं.' सरांनी कागद घेतला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला.

"चिन्हं कमी पडली. तितं तीन व्हती."

"सर, ते शोभत नाही. हा माफीनामा आहे."

"खोट्याला तीन दिलीस, खऱ्याला एक टिंब?"

तीन दिली. गुलाबीच कागद, पाचशेच प्रती, तेवढीच जाड अक्षरं. छपाईचा पहिला कागद ओला असतानाच अध्यक्षांनी तो वाचला, "खाल्लेली नाही!!!" असं दोनदा स्वतःशी म्हटलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी तहसीलदार निवडला गेला. मावशींनी सरांना शेळीच्या दुधाचा तांब्या दिला. सरांनी तो रिकामा करून सर्व्हरवर ठेवला, जुन्या तांब्याशेजारी. वर गलास. आता एस.टी. आली की दोन गलास पडायचे.

त्याच आठवड्यात सरांनी तपासनीस लिहिणाऱ्या परदेशातल्या माणसांना पत्र लिहिलं. वाकळेचे दोन फोटो जोडले, एक घडीचा, एक पसरलेला. आणि एक तहसीलदाराचा, कारण तक्रारदार कोण हे कळायला हवं. पंधरा दिवसांत उत्तर आलं. चूक त्यांना मान्य होती. पुढच्या आवृत्तीत तपासनीस घडी उलगडून बघेल असं लिहिलं होतं, आणि शेवटी एक ओळ: बोकड देखणा आहे. ते उत्तर सरांनी मावशींना वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "परदेशात कळतं. हितं सांगाया लागतं."

नवी आवृत्ती आली आणि भोंगा गप्प झाला. तारा काढून टाकू का, मी विचारलं. सरांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या गलासालाच हात घातलाय.

दोन वर्षांपूर्वी सर नोकरी सोडून सास्तूरला परत गेले. मी एकदा भेटायला गेले होते. घर चांगलं पक्कं बांधलेलं, आणि ते चौकटीत खुर्ची टाकून बसलेले. त्यांच्या गुडघ्यांवरून पाय टाकून मी आत गेले. फ्रीजवर तांब्या, तांब्यावर गलास. चहा पिताना बाहेरून ट्रॅक्टर गेला आणि गलास पडला. सर कप घेऊन उठले. या वेळी मीही उठले. अंगणात उभ्यानं आम्ही चहा संपवला. काही झालं नाही. फार बरं वाटलं.

आता तुमच्याकडं एक काम आहे. माझं दुसरं पत्रक लोकांनी फारसं घेतलंच नाही. माफीनाम्यात मिरच्याही कोणी बांधून नेल्या नाहीत. तीनशेवर प्रती अजून माझ्या खाटेखाली आहेत, आणि बाजारात आजही कोणी ना कोणी अध्यक्षांना विचारतं, "साहेब, शिंगं कशी लागली?" ते हसत नाहीत. मान खाली घालून निघून जातात, आणि ते माझ्यामुळं.

म्हणून विनंती आहे. कळंबच्या बाजारातून कधी घरी आलेला एखादा गुलाबी कागद तुमच्या फडताळात, डब्याच्या तळाशी, पोरांच्या वहीच्या कव्हरात अजून असेल तर काढा. घडी घातलेला असेल. आधी ती उलगडा, कारण दोन्ही पत्रकं वरून सारखीच दिसतात. 'खाल्लेली नाही' असं असेल तर शेजाऱ्याला वाचायला द्या. नुसतंच 'खाल्ल्या' असं असेल तर जवळची शेळी बघून तिला घाला.

टाचणी असेल तर आधी काढा.